चित्र न येणाऱ्याचे सहा बुधवार

अर्ज दिला 3 जुलैला आणि मुलांच्या हातात पहिला ब्रश गेला 4 सप्टेंबरला. मधले दोन महिने कशात गेले ते आधी सांगतो, कारण बरेच जण तिथेच नाद सोडतात. मीही दोनदा सोडायच्या बेतात होतो.

पालकसभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या की प्राथमिकला चित्रकलेचे शिक्षक नाहीत. वेळापत्रकात तास आहे, पण त्यात बहुतेक वेळा गणित बसतं. पालकांपैकी कुणी आठवड्याचा एक तास देईल का? सगळ्यांनी एकदम मोबाइलकडे पाहिलं. माझा मोबाइल खिशात होता, म्हणून मी सापडलो. मी हिशेब लिहिणारा माणूस. रेघ मारायची तर पट्टी लागते. तसं सांगितलंही, तर बाई म्हणाल्या, "मग बरंच आहे, मुलांना दडपण येणार नाही." माझ्याबरोबर आणखी दोघी तयार झाल्या: निवृत्त झालेल्या एक आजी आणि चौथीतल्या एका मुलाची आई.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, म्हणून मी तिसरीचा वर्ग मागितला. हे एक शहाणपण मला आपोआप सुचलं. स्वतःच्या लेकराचा वर्ग घेऊ नये. तुम्ही तिच्या चित्रापाशी थांबलात तरी पंचाईत, नाही थांबलात तरी पंचाईत.

अर्ज आठ दिवसांत परत आला. मी लिहिलं होतं, "दर बुधवारी चित्रकलेचा तास घेण्याची परवानगी मिळावी." त्यावर लाल शाईत शेरा: "कधीपर्यंत?" शेवटची तारीख नाही, मुलांचा वयोगट नाही, साहित्याची यादी नाही. या तीन गोष्टी घालून 12 जुलैला पुन्हा दिला. तोवर व्यवस्थापन समितीची बैठक होऊन दोन दिवस झाले होते आणि समिती महिन्यातून एकदाच बसते. म्हणजे एका विसरलेल्या तारखेपायी महिना गेला.

त्या महिन्यात कागद जमवले. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आपल्याला ओळखणाऱ्या दोन बिगरनातेवाइकांची पत्रं, चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि बालसुरक्षेचं हमीपत्र. दाखल्याला 26 दिवस लागले, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. माझं एक पत्र "मिळालंच नाही" असं सांगण्यात आलं, तेव्हा शिक्का मारलेली प्रत खिशात होती म्हणून निभावलं.

हमीपत्र वाचून मला जरा लागलं होतं. मुलाबरोबर एकटं थांबणार नाही, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढणार नाही, वर्गात कायम दोन मोठी माणसं असतील, मुलांना भेटवस्तू देणार नाही. झाडं रंगवायला शिकवण्यासाठी एवढं? वर्गशिक्षिकेपाशी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मी ओळखते. पण उद्या दुसरं कुणी येईल, त्याला काय सांगू? त्यांना चालतं आणि तुम्हाला नाही?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सही केली.

परवानगीचं पत्र 22 ऑगस्टला हातात पडलं.

मधल्या काळात एक काम बरं केलं. दोन वेळा वर्गात मागच्या बाकावर बसून नुसतं पाहिलं. तास 40 मिनिटांचा. मुलं स्थिर व्हायला 4 मिनिटं, आवरायला 10. उरली 26. यात चित्र दाखवायचं, बोलायचं आणि रंगवायचं. माझ्या पहिल्या आराखड्यात मी 35 मिनिटं धरली होती.

साहित्याचा हिशेब मात्र माझ्या हातचा मळ. मुलं 38, तास सहा, म्हणजे 228 कागद, वर वाया जाणारे वीस टक्के धरून पावणेतीनशे. खर्चाचे शंभर भाग केले तर 45 कागदाला गेले, 30 रंगांना, 10 ब्रशना, बाकी कात्र्या, डिंक आणि झेरॉक्स. पैसे आम्ही तिघांनी घातले, नंतर समितीने निम्मे परत दिले. कागदात काटकसर करू नका. झेरॉक्सचा कागद साधारण 80 जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 80 ग्रॅम. ओला रंग लागला की त्याच्या लाटा होतात आणि दुसऱ्या हाताला भोक पडतं. निदान 150 जीएसएमचा घ्या. ब्रश मात्र साधे चालतात, फक्त चपटे आणि गोल असे दोन्ही असू द्या. जुने शर्ट घरोघरी फुकट मिळतात. उलटे घातले की रंगकामाचे झगे होतात.

आणि शिकवायचं काय? माझी तयारी म्हणजे रात्री जागून केलेलं वाचन. त्यातल्या दोन गोष्टी कामाला आल्या. एक, व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली मांडलेले मुलांच्या चित्रांचे टप्पे. साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ मारतात, आभाळाची पट्टी वर चिकटवतात, मनाला जवळचं असेल ते मोठं काढतात, घराच्या भिंतीतून आतली माणसं दाखवतात. त्यांना चुकलेलं काही दुरुस्त करायचं नसतं. नवाच्या पुढे मात्र खऱ्यासारखं दिसावं ही हाव सुटते आणि "मला येत नाही" सुरू होतं. तिसरीचा वर्ग नेमका या उंबरठ्यावर.

दुसरी गोष्ट, तीन प्रश्न. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये एकेकाळी शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन यांनी चित्र पाहायची एक पद्धत बसवली. चित्र समोर ठेवायचं, गप्प राहायचं आणि मग विचारायचं: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? बस्स. माहिती सांगायची नाही, बरोबर-चूक ठरवायचं नाही.

वाचताना पटलं होतं. 4 सप्टेंबरला उभा राहिल्यावर विसरलो.

पहिलं चित्र व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र'. जून 1889 मध्ये सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयाच्या खिडकीतून दिसलेल्या आभाळावरून काढलेलं, खालचं गाव मात्र कल्पनेतलं. हे सगळं मी सांगितलं. आजी मागून घड्याळ दाखवत होत्या, मला दिसलं नाही. अकरा मिनिटं बोललो. एक मुलगा बाकाखाली गेला, दोघी एकमेकींच्या वेण्या मोजू लागल्या. मग "असं करा" म्हणून मी घरी काढून आणलेला नमुना फळ्यावर लावला: उजव्या कोपऱ्यात पिवळा चंद्र, मध्ये भोवरा, डावीकडे काळं झाड. पंधरा मिनिटांनी गोळा केलेल्या 38 चित्रांपैकी 31 चित्रांत उजव्या कोपऱ्यात पिवळा चंद्र, मध्ये भोवरा, डावीकडे काळं झाड. माझा भोवरा जरा चेपलेला आला होता. त्यांनी तोही चेपूनच काढला. शिवाय पाण्याचे दोन डबे सांडले, आणि पुढच्या तासाला वर्गात आलेल्या शिक्षकांच्या बुटांना निळा रंग लागला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "नमुना आणलास कशाला?" खरंच, कशाला? माझी भीती होती, दुसरं काय. त्यानंतर नमुना नेला नाही. काही कृती दाखवायची असेल तर रद्दीच्या कागदावर दाखवायची आणि तो कागद लगेच चुरगळून टाकायचा.

दुसऱ्या बुधवारी पॉल क्लेचं 1928 सालचं 'मांजर आणि पक्षी'. भलं मोठं मांजराचं तोंड आणि कपाळावर एक छोटा पक्षी. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट गप्प बसलो. चाळीस सेकंदांनंतर घाम फुटतो, हे आधीच सांगून ठेवतो. मग पहिला प्रश्न.

"मांजर पक्ष्याचा विचार करतंय," एक मुलगी.

"कशावरून?"

"पक्षी डोक्यात आहे ना."

मागून एक आवाज: "नाही काका, पक्षी खरा आहे. तो कपाळावर बसलाय म्हणून मांजराला दिसतच नाहीये. शोधतंय ते."

वर्ग दुभंगला. विचारवाले आणि बसलेलावाले. कुणीतरी नाक लाल बदामासारखं आहे हे दाखवलं, म्हणजे प्रेम आहे. त्यावर दुसरा म्हणाला, प्रेम आहे, पण खायचं प्रेम. मी काहीही सांगितलं नव्हतं. सात मिनिटं गेली होती. मग मेणखडू दिले आणि म्हटलं, एक चेहरा काढा आणि त्याच्या कपाळावर तो काय शोधतोय ते. वरून पातळ जलरंगाचा हात. मेणावर पाणी थांबत नाही, त्यामुळे खडूच्या रेघा रंगातून उजळून वर आल्या. 38 कपाळं आणि एकासारखं दुसरं नाही. एका कपाळावर हरवलेलं खोडरबर होतं.

तिसऱ्या तासाला एकच रंग, निळा. होकुसाईची सुमारे 1831 ची 'महालाट'. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय 2017 पासून आपल्याकडच्या हजारो हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य उतरवू देतं. तिथली मी घेतली. मुलांना वाटलं मूळ चित्र भिंतीएवढं असणार. मी सुमारे 25 बाय 37 सेंटिमीटरची चौकट फळ्यावर खडूने आखली, तेव्हा "एवढंच?" असा एकच गलका झाला. मागचा फुजी पर्वत आधी कुणालाच पर्वत वाटला नाही, ती आणखी एक लाट होती. होड्या तीन आहेत हे पाचव्या मिनिटाला मोजून झालं.

रंग मिसळण्याचा धडा मी इथेच घेतला. पांढऱ्यात निळा थेंबथेंब घालायचा. उलट केलंत, निळ्यात पांढरा घालत बसलात, तर अर्धी बाटली पांढरा संपतो आणि फिकट काही होत नाही. आमचा तसाच संपला. एक जाता जाता: जांभळा हवा असेल तर नारिंगीकडे झुकणारा लाल घेऊ नका, निळ्याबरोबर त्याचा चिखल होतो. गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या.

25 सप्टेंबरचा तास झालाच नाही. आजींना ताप होता, चौथीतल्या मुलाच्या आईंनी नोकरी बदलल्यामुळे तोवर येणं थांबवलं होतं, आणि एकट्याला वर्गात थांबता येत नाही. साहित्याची पिशवी घेऊन फाटकातून परत आलो. पहिल्या दिवसापासून चार नावं तरी यादीत ठेवा, म्हणजे दोन मिळतात. नंतर एका बाबांची भर पडली. पण त्यांचीही कागदपत्रं व्हायची होती, म्हणून मधले तास वर्गशिक्षिका बसल्या. पुढच्या बुधवारी 2 ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा मुलं विचारत होती, "काका, तुम्ही रागावला होतात का?" तास रद्द झाला तर मुलांपर्यंत निरोप पोचतो का, हे तपासायला हवं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

9 ऑक्टोबरला कात्र्या. आँरी मातीस 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराचसा काळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत होता. साहाय्यक कागद रंगवून देत आणि तो कात्रीने थेट रंगात आकार कापत असे. 1953 चा त्याचा 'गोगलगाय' जवळपास तीन मीटर रुंद आणि तेवढाच उंच आहे. मातीसचं निधन 1954 मधलं, म्हणजे त्याच्या चित्रांचे हक्क तेव्हा बऱ्याच देशांत शाबूत होते. म्हणून छापील प्रत न काढता वाचनालयातलं पुस्तक नेऊन दाखवलं. पेन्सिल बंद, आधी आखायचं नाही, सरळ कापायचं.

एक मुलगी सारखी कागद चुरगळत होती. मला वाटलं कंटाळलीय. आजी तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू डावरी आहेस होय." उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं कापायची रेघ झाकतं आणि पाती एकमेकांपासून सुटतात. कागद कापला जात नाही, दुमडतो. मी तिला दोनदा "नीट धर" म्हटलं होतं. पुढच्या वेळी डावऱ्यांच्या तीन कात्र्या आणल्या. वर्गात डावरी मुलं चार निघाली.

त्याच तासाला एका मुलाने हिरवं खोड आणि तपकिरी पानं चिकटवली. शेजारचे हसले. "त्याचं झाड तसं आहे" एवढं म्हणून मी विषय संपवला, पण नंतर लक्ष ठेवलं, तर लाल-हिरव्याची गल्लत नेहमीची होती. वर्गशिक्षिकेला एकटीला सांगितलं. निदान करणं हे आपलं काम नव्हे. त्यांनी घरच्यांना डोळे तपासून घ्यायला सुचवलं. रंगांधळेपण मुलग्यांत मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, त्यामुळे मोठ्या वर्गात एखादा असतोच असं धरून चाला. आम्ही सगळ्या बाटल्यांवर रंगांची नावं लिहिली. तो मुलगा आता नाव वाचून रंग घेतो, आणि कधी कधी मुद्दाम तपकिरी पानं करतो.

16 ऑक्टोबरचा तास माझ्या आठवणीत वेगळा बसलाय. चित्र अमृता शेर-गिल यांचं, 1935 चं, तीन मुलींचं. तिघी शेजारीशेजारी बसल्यात, पण एकमेकींकडे बघत नाहीत. मुलं म्हणाली रुसल्यात, मग म्हणाली वाट बघतायत. काम दिलं: वाट बघणारं माणूस.

एका मुलाने बाकावर बसलेले आजोबा काढले. चेहरा छान, चष्मा, खांदे खाली आलेले. हात मात्र काट्या-चमच्यातल्या काट्यासारखे. तो म्हणाला, "काका, हात काढून द्या ना. मला येत नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. स्वतःचा हात बाकावर ठेवून "बघ, अंगठा कुठून फुटतो?" एवढं विचारायला हवं होतं. पण तासाची चार मिनिटं उरली होती, आणि खरं सांगायचं तर महिनाभर जागून मलाही हात बऱ्यापैकी जमायला लागला होता. पेन्सिल घेतली आणि उजवा हात काढून दिला. पाच बोटं, पेरांसकट. तो "थँक्यू काका" म्हणाला.

पुढच्या बुधवारी वाळलेली चित्रं वाटताना त्याचं वर आलं. तासानंतर त्याने ते रंगवून पूर्ण केलं होतं. आजोबांच्या उजव्या हातावर, बरोबर मी काढलेल्या हातावर, एक तपकिरी दप्तर होतं. जाड रंग, दोन थर, खालची पेन्सिल दिसू नये इतके. डावा काट्यासारखा हात तसाच होता.

मी काही विचारलं नाही. त्यानंतर मुलांच्या कागदावर पेन्सिल टेकवली नाही, एकदाही नाही. आता मागणी आली की रद्दीचा कागद काढतो किंवा स्वतःचा हात पुढे करतो.

शेवटच्या तासाला ब्रूगेलची 1560 ची 'मुलांचे खेळ'. दोनशेहून जास्त मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ एकाच चौकात. त्या दिवशी तीन प्रश्नांची गरजच पडली नाही, मुलं छापील प्रतीवर तुटून पडली. आपापला एक खेळ काढून, कापून, सहा मीटर लांब कागदावर चिकटवला. आवरायला दहाऐवजी अठरा मिनिटं लागली आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांनी या वेळी बूट बाहेर काढून ठेवले.

प्रदर्शन 13 नोव्हेंबरला व्हरांड्यात. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली, त्यामुळे पालकांना वाकावं लागलं. प्रत्येकाचं एक चित्र, त्याने स्वतः निवडलेलं. फोटो काढायचे तर पालकांची लेखी संमती लागते. 38 पैकी 34 कागद आले, बाकी चौघांची चित्रं टिपली पण चेहरे नाहीत. ही संमतीपत्रं पहिल्याच आठवड्यात पाठवावीत. शेवटच्या आठवड्यात आम्ही दारोदार फिरलो. दर तिसरा पालक विचारत होता, "पहिला नंबर कुणाचा?" नंबर नाहीत म्हटल्यावर एका गृहस्थांचा चेहरा असा पडला, जणू आम्ही निकाल लपवतोय. तो दप्तराचा आजोबा भिंतीवर होता. मुलाने तोच निवडला होता.

नंतर समाप्ती अहवाल. त्यात एक रकाना: "विद्यार्थ्यांमध्ये झालेली सुधारणा (टक्के)". मी रिकामा सोडला, अहवाल परत आला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हजेरी लिहा. बुधवारची हजेरी इतर दिवसांपेक्षा खरंच थोडी जास्त होती. ती लिहिली, अहवाल मंजूर झाला.

पुढच्या सत्राचा अर्ज काल दिला. शेवटची तारीख घातली, वयोगट घातला, यादीत डावऱ्यांच्या चार कात्र्या आणि पांढरा रंग दुप्पट. पोच घेतली.